उभारीच्या गळ्यातला हार

मी एक जुनी उभारी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला राग आलेला आहे. काठीला कुठं राग येतो का, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, माणसाला राग आला की तो काठी शोधतो. मग काठीला राग आला तर तिनं काय शोधावं? मी तोंड शोधलं. ते आता उघडते आहे.

उभारी म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांसाठी सांगते. बैलगाडीच्या दोन्ही अंगांना भोकं असतात. त्यांत कमरेइतक्या उंचीच्या काठ्या उभ्या ठोकतात, म्हणजे भरलेला कापूस वाटेत सांडत नाही. त्या काठ्या म्हणजे आम्ही उभाऱ्या. वऱ्हाडात भांडण पेटलं की पहिला हात आमच्यावर पडतो, हा आमचा जोडधंदा.

माझं लाकूड तिवसाचं, धारणीकडच्या जंगलातलं. सुतारानं मला तासून गुळगुळीत केलं आणि खुशालरावांच्या गाडीत ठोकलं. खुशालरावांची पूर्णेच्या काठी काळीभोर जमीन होती. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी इतकं खारट, की वरणात मीठ टाकायचं विसरलं तरी कुणी बोलत नसे. मी कापसाच्या खेपा केल्या, मूर्तिजापूरपर्यंत धूळ खाल्ली, अंजनगावच्या बाजारात एकदा एका व्यापाऱ्याची पाठही बघितली. एवढ्यावर माझं आयुष्य सुखात संपलं असतं.

पण एका भादव्यात खुशालरावांनी पुरात गाडी घातली.

पूर्णा दोन्ही थड्या धरून चालली होती. बैलांना अक्कल होती. मधोमध त्यांनी गळ्यातले पट्टे, म्हणजे सापत्या, तोडल्या, जू टाकलं आणि काठ गाठला. गाडीत राहिले खुशालराव, कारण गाडी त्यांची होती. त्या वेळी काठावर पंचफुलाबाई आणि तिची मुलगी मैना गवत कापत होत्या. पंचफुला म्हणजे देवमनची बायको. देवमन खुशालरावांच्याच शेतात मजुरीला जायचा. छप्पन साली त्याच्या वस्तीनं बुद्धाची वाट धरली, आणि गावानं ती गोष्ट ऐकू आली नाही असं दाखवलं.

मैना विळा टाकून सरळ पाण्यात शिरली. पंचफुलानं तिच्या पदराचं टोक धरलं आणि बाभळीला मिठी मारली. मैना छातीभर पाण्यात आली आणि तिनं हात पुढं केला.

"भाऊसाहेब, हात द्या!"

खुशालरावांनी हाताकडे पाहिलं. मित्रांनो, पाणी हनुवटीला लागलं होतं आणि हा माणूस विचार करत होता!

"कोनाची व तू?"

"देवमनची. हात द्या ना जी, गाडी चालली!"

खुशालरावांनी आपला हात मागं घेतला. आजूबाजूला पाहिलं. मग मला पाहिलं.

"थे उभारी उपट," ते म्हणाले, "अन् थे दे."

मैनानं मला उपटलं. एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यांनी. मला माणसांनी भांडणात उगारलेलं ठाऊक होतं. पण माणसाला शिवायला नको म्हणून माझा पूल केलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मैनानं ओढलं. पंचफुलानं मैनाला ओढलं. तिघंही काठावर आली आणि गाडी मूर्तिजापूरला न जाता परस्पर तापीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा काय? "भाऊसाहेबाले उभारीनं वाचवलं!" खुशालरावांनी मला कुंकू लावलं, वर नारळ फोडला. नारळ ज्या दगडावर फोडला त्यालासुद्धा कुंकू लावलं. मैनाचं नाव कुणी काढलं नाही.

तर त्या नारळाच्या भरात खुशालरावांनी जाहीर केलं, की आपल्या गावात जीवरक्षक मंडळ निघालंच पाहिजे. अध्यक्ष ते स्वतः, कारण बुडण्याचा अनुभव त्यांनाच होता. कप्तान त्यांचा पुतण्या भगवंत, कारण तो पुतण्या होता. शिकवायला गोवर्धन मास्तर आले. मास्तर पूर्वी पलटणीत होते. गळ्यात कायम शिट्टी असायची, ती जेवतानाही काढत नसत. भाजीत तिखट कमी असलं तर वाजवत, असं मास्तरीणबाई सांगायच्या.

मंडळ निघालं माघात. तोवर नदीत पाणीच उरलं नव्हतं. नुसती वाळू! भगवंत म्हणाला, "मास्तर, आता पोहाव कुठी?"

मास्तर म्हणाले, "अबे, बुडनाऱ्यापर्यंत आधी पयत जा लागते का नाई? थे शीक. पानी आलं की पोहू."

अशी पूर्णेच्या कोरड्या पात्रात वऱ्हाडातली वाळूवर पळणारी तुकडी तयार झाली. भगवंतला घोटापर्यंतचे नवे पांढरे बूट मिळाले. बाकीचे तिघं अनवाणी. मैना, तिची मैत्रीण ललिता आणि देवराव. मास्तरांनी गावभर पोरं पळवून पाहिली आणि हे तिघं निवडले, तेव्हा खुशालरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, वाळूले जात समजत नाई. जो पयते त्याले थे सोडते." खुशालराव म्हणाले, "बरं. पन उभारी माही राहीन." आणि त्यांनी मला मंडळाला दिलं.

खेळ असा होता. मास्तर मला वाळूत रोवायचे. पळणारे माझ्याकडे पाय करून पालथे पडायचे, हनुवटी हातांवर. शिट्टी वाजली की उठायचं, वळायचं, धावायचं आणि मला झडप घालून उपटायचं. माझ्यापर्यंत जो आधी पोचेल, मी त्याची, आणि मास्तर त्याचं नाव पुकारणार. नियम एवढाच. मला तो फार आवडला. त्यात कुणाचा कोण, हे विचारायला वेळच नव्हता.

काय पळायची ती पोरं! चैत्राची वाळू तव्यासारखी तापायची. देवराव पळायचा तेव्हा वाळूला कळायचंसुद्धा नाही, इतका हलका. ललिता शिट्टी वाजायच्या आधीच उठल्यासारखी वाटायची आणि मास्तर चार वेळा तपासून म्हणायचे, "नाई, बरोबर हाय." आणि मैना! मी वाळूत गाडलेली असायची, म्हणून तिची पावलं मला आधी पायाशी ऐकू यायची. दुरून हलगी घुमत यावी तशी. मग वारा, मग झडप. तिच्या मुठीत गेलं की मला दर वेळी पुराचं पाणी आठवायचं. मूठ तीच होती. घट्ट.

मग बातमी आली, की पुरीच्या समुद्रकिनारी देशभरातल्या जीवरक्षकांच्या स्पर्धा आहेत. खुशालराव म्हणाले, तुकडी जाईल. गावातल्या बायकांना वाटलं, यात्रा निघाली. त्यांनी जगन्नाथाचा प्रसाद आणायला सांगितला.

निघायच्या दिवशी पंचफुला मैनाच्या केसांना तेल लावत होती. मी दाराशी टेकून उभी होते, म्हणून ऐकलं.

"जिकली तं तुहं नाव भोंग्यातून घेतीन का व?"

"घेतीन ना, माय."

"पुरं घेतीन का? बापाचं धरून?"

"हो व, पुरं."

पंचफुलानं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "माह्या आईबापाचं नाव आजलोक कोनी भोंग्यातून घेतलं नाई. घेतलं थे हाक मारून, अन् थेही अर्धं."

मित्रांनो, ढाल नको, बक्षीस नको. एका बाईला आपल्या लेकीचं पूर्ण नाव एकदा मोठ्यानं ऐकायचं होतं. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

मी वळकटीत बांधून आगगाडीनं गेले. पुरीला समुद्र दिसल्यावर देवराव वाकून एक चूळ भरून म्हणाला, "अबे, हे तं आपल्या हिरीचं पानी हाय!" त्यानंतर कुणाला समुद्राची भीती वाटली नाही. आपल्याच विहिरीला कोण भितं?

स्पर्धेच्या पहाटे एक अघटित घडलं. आयोजकांनी रोवायच्या काठ्या वाळूवर ठेवल्या होत्या. भरती आली आणि सगळ्या घेऊन गेली. देशातले नावाजलेले जीवरक्षक काठावर उभे राहून त्यांना बुडताना पाहत होते. शेवटी मास्तरांनी वळकटी सोडली आणि मला पुढं केलं. आयोजकांनी कुठूनतरी छत्र्यांचे दांडे मिळवले, पण अंतिम फेरीला मलाच रोवलं.

आमच्या तुकडीनं तिथं काय केलं ते ऐका. सरळ दौडीत ललिता देशात दुसरी आली. देवराव तिसरा आला. भगवंत शिट्टीबरोबर झकास सुटला, पण एक लाट तिरकी आली, तिनं बूट भिजवले, आणि तो बूट वाळवायला थांबला. मुलींच्या काठी झडपण्याच्या अंतिम फेरीत उरल्या दोघी. मैना आणि केरळची एक मुलगी, जन्मापासून किनाऱ्यावर वाढलेली. शिट्टी वाजली. मी पायाशी हलगी ऐकली. दोघी बरोबरीनं आल्या, दोघींनी सूर मारला, वाळू माझ्यावर उडाली, आणि मग ती मूठ. केरळच्या मुलीनं तोंडातली वाळू थुंकली आणि मैनाला मिठी मारली. मित्रांनो, मिठी! हात कुणाचा हे न विचारता!

भोंग्यातून मैनाचं नाव आलं. पण पंचफुला हजार कोसांवर होती. मास्तर म्हणाले, "रडू नोको पोरी. अकोल्यात सत्कार होईन, तिथी भोंगा असते."

अकोल्यात मांडव पडला. बँड आला. आणि आता माझा राग का, ते सांगते.

व्यासपीठावर खुर्च्या होत्या. एकीवर खुशालराव. एकीवर भगवंत, वाळलेल्या बुटांत. मधल्या खुर्चीवर मखमली गादी, आणि गादीवर मी. मला! गळा नसलेल्या लाकडाला झेंडूचा हार घातला, तो घसरायला लागला म्हणून सुतळीनं बांधला. मैना, ललिता, देवराव कुठं होते? मांडवाबाहेर, चपला काढल्या होत्या तिथं. पंचफुला धुतलेलं लुगडं नेसून, मजुरी बुडवून आली होती. ती मैनाच्या शेजारी बसून भोंग्याकडे बघत होती.

एका पाहुण्यानं मागितलं म्हणून ललितानं पाण्याचा तांब्या उचलला, तर मंडळाचा एक माणूस धावत आला. "तू नोको. ठेव थे." मित्रांनो, हे जीवरक्षक मंडळ होतं! त्या हातांनी बुडणारा बाहेर काढायचा, पण तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही. माणसानं मग करायचं काय? तहान लागली की जाऊन बुडायचं?

खुशालराव भाषणाला उठले. "आमाले पुरातून कोनं वाचवलं? उभारीनं! पुरीले कोन जिकलं? उभारी! अन् उभारी कोनाची? आमच्या गाडीची!" टाळ्या पडल्या. "हे उभारी आज मी आपल्या कप्तानाच्या हाती देऊन रायलो."

पंचफुलानं हळूच विचारलं, "झालं का व? आता घेतीन का नाव?"

 मैना तिथल्या तिथं, चपलांच्या रांगेत, माझ्याकडे पाय करून पालथी पडली.

लोकांना वाटलं, पोरीला भोवळ आली. पण मास्तरांनी पाहिलं. तो देह, ती हनुवटी, ते हात. शिट्टीची वीस वर्षांची सवय. त्यांचा हात गळ्याशी गेला आणि शिट्टी वाजली.

मैना उठली, वळली, सुटली. मांडवाच्या मधल्या वाटेनं. सतरंजीतून मला हलगी ऐकू आली. भगवंतनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. ती मूठ माझ्या एका टोकाला बसली. दुसरं टोक खुशालरावांनी धरलं. झेंडू गळून पडला. पुरासारखंच. एका टोकाला ते, एका टोकाला ती, मधे मी.

"सोड!" खुशालराव ओरडले.

"तवा तुमी बुडत व्हते, भाऊसाहेब, म्हनून म्या नाई सोडली," मैना म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण समोरच ध्वनिक्षेपक होता, आणि भोंगा मांडवाबाहेर चौकापर्यंत लावलेला होता. "माहा हात नाई धरला तुमी, उभारी धरली. तरी म्या वढलं. आज कोन बुडून रायलं? सोडा तुमी."

 खुशालरावांनी लोकांकडे पाहिलं. लोकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात सुटला.

आता मास्तर. माझ्यापर्यंत जो पोचेल, त्याचं नाव पुकारायचं, हा नियम. नियम मोडणं त्यांना कधी जमलं नाही. ते ध्वनिक्षेपकाशी आले, छाती काढून उभे राहिले आणि पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "विजेती, मैना देवमन वानखडे!" मग श्वास घेऊन, "सरळ दौड, दुसरी, ललिता! तिसरा, देवराव!" भोंगा चौकात घुमला.

मांडवाच्या टोकाला पंचफुला उठून उभी राहिली. "मास्तर," ती ओरडून म्हणाली, "अजून एक डाव नाव घ्या!"

मास्तरांनी घेतलं. देवमनसकट.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी मैनाच्या घरी आहे. दाराला अडसर म्हणून लावतात. तिची धाकटी भावंडं माझा यष्टी म्हणून उपयोग करतात, म्हणजे भांडण झालं की जोडधंदाही चालतो. खालच्या टोकाला वाळवीनं तोंड घातलं आहे. वर्षातून एकदा रॉकेल चोळा, एवढंच माझ्यापुरतं मागते. हार नको. सुतळी टोचते.

पण तुमच्यापुरतं एक सांगते. पाण्यात असाल आणि काठावरून कुणी हात पुढं केला, तर काठी मागू नका. हात धरा. आणि बाहेर आलात, अंग पुसलंत, की त्याचं नाव विचारा. पूर्ण. बापाचं, आणि आईचंही.