तू हलली

आमच्या मधुकररावांचा कॅमेरा तळहातावर मावायचा, पण घरात त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. शहात्तर साली कामठीच्या छावणीतल्या एका कप्तानाची बदली झाली, तेव्हा यांनी तो त्याच्याकडून घेतला. जपानी, काळा, कातडी पेटीतला. कपाटाचा वरचा कप्पा त्याला मिळाला आणि तिथल्या माझ्या साड्या ट्रंकेत गेल्या. मी त्याला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही, असा हुकूम होता.

पाहुणा आला की चहाच्या आधी व्याख्यान सुरू. पाटबंधारे खात्यातला हा कारकून त्या वेळी थेट जपानहून आल्यासारखा बोलायचा. "डब्बा कॅमेरा समोरचं सगळंच पकडते. याचं तसं नाही गा. याच्यात जुळवा लागते. ज्याच्यावर जुळवलं तेच साफ, बाकी धूसर. आपण सांगू तेच पकडते हा." मग पाहुण्याला आत पाहायला लावायचं. मधोमध एक गोल, त्यात दाराची चौकट मधूनच तुटलेली. पुढचं कडं फिरवलं की दोन्ही तुकडे जुळतात. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून मला हे सगळं पाठ झालं होतं.

पहिलं वर्ष सोडलं तर माझे फोटो मात्र कधी साफ येत नसत. स्टुडिओतून पाकीट आणलं की हे म्हणायचे, "तू हलली." पोळ्याला हलली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हलली. शेवटी शेवटी मी फोटोपुरता श्वास रोखून बसायची, तरी हललीच. माझ्यातच काही खोट असेल, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

कळमेश्वरला माझे बाबा, चंपतराव, दोन वर्षं मोतीबिंदूने चाचपडत होते. यंदा ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि त्यांनी पहिलं काय मागितलं तर माझा फोटो. "तुह्या मायचा एकबी फोटो नाही वं घरात," ते म्हणाले. "आता तिचा चेहरा आठवाले गेलो तर आठवत नाही. तुहा तरी असू दे."

मी यांना सांगितलं. एका रविवारी यांनी मला अंगणात वेताच्या खुर्चीवर बसवलं. मागे तारेवर शामलाबाई धुणं वाळत घालत होत्या. शामलाबाई म्हणजे आमच्या मागच्या दोन खोल्यांतल्या भाडेकरू. शाळेत शिकवतात, तीन वर्षांपासून राहतात. फोटो धुऊन आला, तो यांनीच पाकिटात घातला आणि माझ्या भावाच्या, चंद्रभानच्या हाती दिला. मला दाखवायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

आठव्या दिवशी चंद्रभान परत दारात. "बाई, बाबानं दोन दिसापासून जेवण टाकलं. म्हणते, आपरेशन फुकट गेलं."

मी तशीच एसटीत बसले. बाबा ओसरीवर बसले होते, हातात फोटो. मला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू तर साफ दिसून राहिली," ते म्हणाले. "मंग याच्यात काहून नाही दिसत? धुक्यात बसल्यावाणी दिसतं. आन मागची बाई पाह्य, तिचा दातातला चिमटाबी दिसते मले."

मी फोटो घेतला. शामलाबाईंच्या कपाळावर आलेली बट, दातात धरलेला चिमटा, ओल्या साडीचा पीळ, सगळं स्पष्ट. समोर खुर्चीत मी, म्हणजे नुसता लुगड्याचा गोळा.

"बाबा, तुमचे डोळे चांगले आहेत," मी म्हणाले. "जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात गेल्यावर मी कपाटातून कॅमेरा काढला. अंगणातल्या रिकाम्या खुर्चीवर धरला आणि कडं फिरवलं. खुर्ची साफ, तार गायब. उलटं फिरवलं. तारेवरचा एकेक चिमटा साफ, खुर्ची गायब. खुर्ची काही हलली नव्हती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. यांनी मला कधी हाती न दिलेला अल्बम मी काढून बसले. पहिल्या वर्षीच्या फोटोंत माझ्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसतं. मागच्या खोल्या भाड्याने दिल्या आणि मी हलायला लागले. माझ्या मागे कुठे नळावर, कुठे पायरीवर, कुठे दारात ती बाई, दर वेळी स्वच्छ. दोघांत काही झालं असेल असं मला वाटत नाही. तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलेलं एकाही फोटोत नाही. पण यांनी मला सरळ शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. तीन वर्षं मी स्वतःला दोष देत श्वास रोखून बसले, याचा राग मला गिळता येईना. आणि तो फोटो यांनी स्वतः पाहून माझ्या बापाला पाठवला होता. चांगला आला, असंच वाटलं असणार.

मी रविवारची वाट पाहिली. रविवारी नऊ वाजता शामलाबाई बादली घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी खुर्ची त्याच जागी ठेवली आणि कॅमेरा आणून यांच्या हातात दिला.

"हात काहून लावला त्याले?" हे खेकसले.

"फोटो काढा. बाबाले पाठवाचा आहे."

"धाडला ना एक!"

मी बाबांकडून आणलेला फोटो यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिला. "तू हल..." म्हणाले आणि थांबले. मानेपासून कानापर्यंत लाल झाले.

शामलाबाई संकोचून बादली उचलायला लागल्या. "थांबा बाई," मी म्हणाले. "तुम्ही आपलं धुणं घाला. तुमच्यावर माझा काही राग नाही." त्या ओलं पातळ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मी खुर्चीत बसले, पदर नीट केला, पुढे पाहिलं. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. एरवी चुटकीसरशी फिरणारं कडं आज इकडे गेलं, तिकडे गेलं, परत इकडे आलं.

"जुळून नाही राहिलं," ते शेवटी म्हणाले.

"जुळवा," मी म्हणाले. "मी हलून नाही राहिली. आन बाबाचे डोळे आता चांगले झाले."