श्वास ओढून वाजणारी पिपाणी

मित्रांनो, मी एक जुनी पिपाणी आहे. पण मला फुंकून वाजवायला जाल तर फसाल. माझं बारीक टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायचं आणि हवा आत ओढायची, गरम चहाचा पहिला घोट सावधपणे ओढतात तशी. मग मी रानटर्कीच्या मादीसारखी बोलते. बोलणारच. मी तिच्याच पंखातली तीन हाडं आहे.

अमेरिकेतल्या केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत होबर्ट सेक्स्टन नावाच्या माणसाने मला घडवलं. त्याने हाडं उकळली, आतला मगज तारेने काढला, बारीक हाड जाड हाडात बसवलं आणि सांधे मेण लावून शिवणाच्या दोऱ्याने आवळले. त्याच वर्षी तो कोळशाच्या खाणीत पहिल्यांदा उतरला होता. हाताच्या रेषांत बसलेली काजळी कितीही धुतली तरी जात नसे. माझ्या सांध्यातल्या मेणात त्याच्या अंगठ्याचा काळसर ठसा उठला, तो आजही आहे.

मी तयार झाले तेव्हा त्याने मला आपल्या मोठ्या भावाच्या, आर्व्हिलच्या हातात ठेवलं.

"तू ठेव. मला वाजवता येते, पण पुढचं जमत नाही."

"पुढचं म्हणजे गोळी घालणं? जमत नाही की करवत नाही?" आर्व्हिलने विचारलं.

"तू ठेव रे," होबर्ट म्हणाला.

एप्रिलमध्ये डोंगरावरची पांढरी फुलं उमलली की दोघं भाऊ पहाटे रानात जात. आर्व्हिल झाडाला पाठ टेकून बसे, गुडघ्यावर बंदूक. होबर्ट झाडाच्या मागच्या बाजूला, डोळे मिटून. आर्व्हिल श्वास आत ओढी, मी बोले, आणि मग आम्ही गप्प राहायचो. पलीकडच्या डोंगरधारेवरून नराचा घोगरा, गडगडणारा जबाब येई. मी पुन्हा बोले. तो जवळ येई, पिसं फुलवून, मान ताठ करून, एखाद्या लग्नघरी आल्यासारखा. पुढे काय होई ते तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्याच जातीला गोड हाक मारून बोलावत होते, मित्रांनो. लोक माझं कौतुक करत. न्हाव्याच्या दुकानात मला हातोहात फिरवत आणि म्हणत, "आर्व्हिल, ही हाडं तुझ्याहून हुशार आहेत." मला ते कौतुक आवडे, आणि आवडे याचं वाईटही वाटे.

"झोपलास काय?" आर्व्हिल मागे वळून भावाला विचारी.

"ऐकतोय," होबर्ट म्हणे.

आर्व्हिलला तो आळस वाटे.

रविवारी मी आर्व्हिलच्या सदऱ्याच्या खिशात बसून त्यांच्या प्रार्थनाघरात जाई. तिथे एकही वाद्य नसतं. एक जण गाण्याची ओळ सांगतो आणि सगळे ती लांबवत, हेलकावे देत म्हणतात. होबर्ट तिथला उपदेशक. आठवडाभर कोळसा आणि रविवारी देवाचं नाव. त्याचं मानधन कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. तो उभा राहून साधं बोलायला लागे, कुणाची गाय आजारी आहे, कुणाच्या घरी बाळ आलंय. मग बोलता बोलता शब्दांखाली सूर यायचा. कधी आला ते कळायचंही नाही. ओळी लहान होत जायच्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो 'हा' म्हणून श्वास ओढायचा.

"हा श्वास आपला नाही, बाबांनो, हा. आत येतो तेव्हा त्याने दिलेला असतो, हा. बाहेर जातो तेव्हा त्याला परत करायचा असतो, हा. मग तसाच का परत करायचा, गाऊन का करू नये, हा."

बायका रडत रडत एकमेकींचे हात धरत. धिप्पाड खाणकामगार डोळे पुसत. आणि मी खिशात त्या 'हा'ची वाट बघत असे, कारण आत ओढलेल्या श्वासाशी माझं जन्माचं नातं. कानांनी देवाजवळ जाता येतं हे मी त्या खिशात शिकले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आर्व्हिलने आपल्या देशातल्या सगळ्या जातींच्या रानटर्की मारल्या होत्या. एकच राहिली होती, ती परदेशात. मेक्सिकोच्या दक्षिणेच्या जंगलात एक वेगळी रानटर्की असते. तिच्या शेपटीवर मोरासारखे डोळे असतात आणि डोकं निळंशार. गुरांच्या खाद्याच्या दुकानात कोणाकडून तरी आर्व्हिलने हे ऐकलं, आणि त्या हिवाळ्यापासून स्वयंपाकघरातलं टेबल मेक्सिकोचं झालं. नकाशा पसरायचा, एका कोपऱ्यावर मिठाचं भांडं, दुसऱ्यावर ताकाची बाटली, आणि मधे मी.

"या मार्चात जाऊ," होबर्ट म्हणाला. त्याची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, जेवायला तो इथेच येई.

"मार्च म्हणजे उद्याच की. बंदूक सीमेपलीकडे न्यायची तर परवाने लागतात. ते काय झाडाला लागलेत?"

"मग बंदूक नको नेऊ."

"नको नेऊ म्हणे. तिथे जाऊन काय करायचं, पक्ष्याला उपदेश?"

"ऐकून घेत असेल तर करीनही."

आर्व्हिलची बायको लेथा मक्याचा पाव कापत होती. ती म्हणाली, "जा बाबांनो एकदाचे. माझं टेबल तरी मोकळं होईल."

होबर्टने त्याच हिवाळ्यात चांगला टाय लावून पासपोर्टचा फोटो काढून आणला. आर्व्हिलचं तसं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने सापांपासून पाय वाचवणारे बूट शोधायला घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी गोठ्याचं छप्पर आलं, मग गवताची कापणी, मग प्रार्थनाघरांचा वार्षिक मेळावा. आर्व्हिल वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. भावाला घेऊन आयुष्यात एकदाच एवढ्या लांब जायचंय, तर कशाची उणीव राहू नये, असं त्याला मनापासून वाटे. तो सगळं नीट करत होता. फक्त निघत नव्हता.

"फोटोतला मी ओळखू येईन तोवर नेशील ना?" होबर्ट विचारी, आणि हसता हसता त्याला खोकला येई. खाणीतली धूळ त्याच्या छातीत घर करून बसली होती. पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी तो खोकला हसण्यावारी नेला.

एके दिवशी मेक्सिकोहून आर्व्हिलने ठरवलेल्या वाटाड्याचा फोन आला. त्याचं नाव नासारिओ. फोन होबर्टने घेतला, कारण बंदुकीच्या बारांनी आर्व्हिलचे कान कधीच अधू झाले होते आणि फोनवरचं त्याला काही समजत नसे. होबर्ट ऐके आणि मोठ्याने सांगे.

"तो विचारतोय, सोबत काय आणणार."

"सांग त्याला, साऱ्या केंटकीत अशी पिपाणी नाही," आर्व्हिल मला उचलून म्हणाला.

होबर्टने सांगितलं. पलीकडे नासारिओ बराच वेळ हसला असावा, कारण होबर्टही हसायला लागला. "तो म्हणतो, सेन्योर, पिपाणी घरीच ठेवा. आमचा पक्षी मादीच्या हाकेला येत नाही. तो झाडावर बसून पहाटे गातो. आपण ऐकत ऐकत त्या झाडापर्यंत जायचं."

"गातो?"

"गातो म्हणे." होबर्टने फोन कानाला घट्ट लावला. "कसा गातो? करून दाखवा ना."

नासारिओने गळ्याने काहीतरी करून दाखवलं. होबर्टचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सभेत सूर लागण्याआधी दिसे तसा.

मला मात्र वाईट वाटलं. इतकी वर्षं नकाशाच्या मधोमध बसून मी ज्या पक्ष्याची भाषा घोकत होते, त्याला माझी भाषाच येत नव्हती. आर्व्हिलला तर अपमानच वाटला. "पिपाणीशिवाय कसली शिकार. ऐकत ऐकत जायचं तर कान हवेत. हे नीट शिकून घ्यावं लागेल. यंदा राहू दे."

"आर्व्हिल, मला तो गाताना ऐकायचाय," होबर्ट म्हणाला.

"ऐकशील रे. परवाने येऊ देत."

पुढच्या दोन-तीन वर्षांत होबर्टचा उपदेश आखूड होत गेला. शब्दांखाली सूर आला की त्याला थांबावं लागे. मग तो नुसता बोलून खाली बसू लागला. शेवटी घरी प्राणवायूचं यंत्र आलं, लांब नळी नाकाशी आली, आणि तो टेबलापासून खाटेपर्यंतच हिंडू लागला.

आणि त्याच हिवाळ्यात आर्व्हिलचे सगळे कागद आले. बूट आले. गुरांकडे बघायला शेजारी तयार झाला. आर्व्हिल तिकिटं घेऊन होबर्टच्या खाटेशी जाऊन बसला.

"डॉक्टर म्हणतात, विमानात बसायचं नाही," होबर्ट म्हणाला.

"दुसऱ्या डॉक्टरला विचारू."

"विचारलं."

आर्व्हिलने तिकिटं गुडघ्यावर ठेवली. "शेवटी एकदाचा बंदुकीचा परवाना आला, आणि आता हे."

"मला बंदूक कधी नकोच होती रे. मला तो ऐकायचा होता. त्याला परवाना लागत नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"दर हिवाळ्यात बोललो. तू नकाशा बघत होतास."

लेथा दारात उभी होती. या वेळी तिने टोमणा मारला नाही.

आर्व्हिलने लेथाला नासारिओला फोन लावायला सांगितलं आणि पक्ष्याचं गाणं फोनवरून ऐकवता येईल का ते विचारायला लावलं. जंगलात फोनला रेंज नसते, पण एका चढावर मिळते, आणि नशीब असेल तर पक्षीही तिथून ऐकू येतो, असं नासारिओ म्हणाला. तो रोज पहाटे तिथे जाऊन उभा राहू लागला. इकडे लेथा कॉफी ठेवी, आर्व्हिल फोन भावाच्या उशीवर ठेवी, आणि कितीतरी सकाळी त्यातून नुसतीच खरखर येई.

मग एका सकाळी होबर्टने हात वर केला.

खोलीत कोणी हललं नाही. मीही ऐकलं, मित्रांनो. आधी लांबून ढोलावर थापा पडाव्यात तसं, एकेक, जड. मग थापा जवळ जवळ येत गेल्या, घाई घाई झाली, आणि त्यांतून एकदम एक उंच, घंटेसारखा सूर वर चढला. साधं बोलणं सुरात जातं तसंच ते होतं. होबर्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग फोन तुटला.

"आला का? काय म्हणाला? कसा होता?" आर्व्हिल भावाच्या तोंडाकडे बघत विचारत होता. त्याला थापसुद्धा ऐकू आली नव्हती.

होबर्टने गाऊन दाखवायला तोंड उघडलं. पण गायला श्वास बाहेर सोडावा लागतो, आणि त्याच्याकडे सोडण्याइतका श्वास नव्हता. त्याने माझ्याकडे बोट केलं. आर्व्हिलने मला त्याच्या ओठांशी धरलं आणि आपला बरा कान माझ्या तोंडाशी आणला.

होबर्टने श्वास आत ओढला. एक थाप. थांबला. दुसरी. थांबला. ज्याला मी कधीच भुलवू शकले नसते, त्या पक्ष्याचं गाणं मी त्या दिवशी म्हणत होते, एका भावाच्या छातीतून दुसऱ्याच्या कानात. तिसरी, चौथी, मग घाई सुरू झाली. आर्व्हिल मान डोलावू लागला, "येतंय, येतंय, पुढे." आता तो उंच सूर यायचा होता. तेवढ्यात खोकला आला. लेथाने होबर्टला उठवून बसवलं, पाठ चोळली. तो थोडा शांत झाल्यावर म्हणाला, "पुढचं उद्या."

आर्व्हिलही म्हणाला, "हो, उद्या नीट ऐकतो."

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी मला वाजवण्याइतकाही श्वास होबर्टकडे नव्हता, आणि दोन रात्रींनंतर तो गेला. त्याला डोंगरावर मातीत ठेवताना लोकांनी ओळ धरून गाणी म्हटली आणि आर्व्हिल ओठ हलवत उभा राहिला.

आता मी लेथाच्या टेबलाच्या खणात असते, मऊ फडक्यात. सांध्यांचं मेण सुकून तडकलंय. गावातलं कोणी विचारतं, "आर्व्हिल, मेक्सिकोला नाही गेलात ते नाहीच का?" तो म्हणतो, "जाता येईल. पण माझ्या बरोबरचे कान गेले."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना मऊ फडक्यात गुंडाळा, सांध्यांना वेळेवर मेण लावा, एवढं मागणं तर आहेच. पण तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षं एकच गोष्ट हळू आवाजात मागत असेल, तर त्यासाठी सगळी तयारी होण्याची वाट बघू नका. आधी त्याला नेमकं काय हवंय ते विचारा. बहुधा ते फार थोडं असतं. होबर्टला एका झाडाखाली उभं राहायचं होतं. त्या गाण्याचा उंच सूर मला येतो, मित्रांनो. मी तो ऐकलाय. पण तो माझ्यातून आर्व्हिलला ऐकवील असा श्वास आता कोणाकडेच नाही.