भट्टीखालचा झरा

वाचनालयाच्या खोलीत नदी वाचवणाऱ्यांची शिकवणी होती. नातीने ओढून नेलं म्हणून म्हातारी गेली, नाहीतर कालच्या पोरींकडून पाणी शिकायची तिला हौस नव्हती. उभा जन्म कापडं रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या घरात काढलेली बाई. नखांतली निळाई अजून उतरली नव्हती, म्हणून सगळे तिला निळी आजी म्हणत.

शिक्षिकेने भिंतीवर नकाशा लावला. कुठल्या उतारावरचं पाणी कुठल्या ओढ्यातून नदीला मिळतं, ते बोट फिरवून दाखवलं.

"हा आपला ओढा. बाजारामागच्या गटारातून सुरू होतो."

"गटारातून तुझा नकाशा सुरू होतो," निळी आजी म्हणाली. "ओढा झऱ्यातून निघतो."

खोलीत हशा पिकला. शिक्षिका रागावली नाही. "मग दाखवा ना, आजी. झरा मोकळा केला तर ओढा जगेल."

म्हातारी पदर सावरू लागली. झरा तिच्याच परसात होता, रंगाच्या भट्टीखाली. भट्टी नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली. त्याच्या हातचं तेवढंच मागे उरलं होतं.

"आता आठवत नाही," ती म्हणाली.

वाटेत नात म्हणाली, "लग्नात कोण रुसलं होतं ते चाळीस वर्षं लक्षात आहे तुझ्या. आणि झरा विसरलीस?"

"जीभ बघा पोरीची. कुणावर गेलीये कोण जाणे."

दुपारी ती भट्टीपाशी जाऊन बसली. नवी नवरी होती तेव्हा नवरा रोज सकाळी पांढरी चिंधी झऱ्यात बुडवून दोरीवर टाकायचा. ती पांढरीशुभ्र वाळली तरच भट्टी पेटायची. जराशी पिवळट दिसली की, "आज पाण्याचं मन नाही," म्हणून दिवसभर नुसता शीळ घालत बसायचा. पुढे नळ आला, काम वाढलं, तिसरी कढई ठेवायला जागा हवी झाली. त्याने झऱ्यावर फरशी टाकली आणि वर भट्टी रचली. त्या दिवसापासून त्याने चिंधी वाळत घातली नाही. शीळही घातली नाही. तिने कधी विचारलं नाही.

रविवारी मंडळी फावडी घेऊन ओढ्यावर आली, तर म्हातारी परसाच्या दारात पहार घेऊन उभी.

"गटार काय उपसताय? इकडे या. आणि विटा नीट उतरवा, फेकायच्या नाहीत. माझ्या माणसाने रचल्यात."

दुपार कलेपर्यंत भट्टी उतरली, फरशी निघाली. आधी काळा गाळ वर आला, मग करंगळीएवढी धार. निळ्या आजीने पेटीतून चिंधी काढली, धारेत बुडवली, दोरीवर टाकली. सगळे ताटकळत बसले.

चिंधी पिवळी वाळली. नातीचं तोंड एवढंसं झालं.

"सुतक काय धरतेस? इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलेला पहिल्याच दिवशी गोड बोलेल होय?" म्हातारीने पेटीतलं जुनं पांढरं धोतर काढलं, नवऱ्याचं. नातीच्या हातात कात्री दिली.

"काप. रोज एक लागेल."