एका कुशीवर

शिवणमावशींच्या घरातली कॉट चांगली ऐसपैस होती, पण मावशी झोपायच्या अगदी कडेला, भिंतीकडची बाजू मोकळी सोडून. लेक रागवायची, "आई, पडशील एखाद दिवशी. मध्ये सरक की!" मावशी हो हो म्हणायच्या आणि सकाळी पुन्हा कडेलाच सापडायच्या. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, पण सवय काय सांगून जाते होय?

भिंतीकडची बाजू कुलूपवाल्यांची. सगळी इमारत त्यांना याच नावानं ओळखायची. जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान होतं, एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. कानस चालवताना ते जीभ दातांत धरायचे, किल्लीवर फूं करून कीस उडवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी स्वतः कुलपात घालून दोनदा फिरवायचे. तेलाचा आणि लोखंडाचा तो वास त्यांच्या सदऱ्याला इतका चिकटलेला असायचा की कितीही धुवा, जायचा म्हणून नाही. मावशी तेव्हा कटकट करायच्या. आता एक सदरा कपाटात तसाच न धुता ठेवलाय, आणि लेक कामावर गेली की कपाट उगाचच आवरायला काढतात.

माणूस तसा गरीब गाय, पण एका बाबतीत भलता कडक. कुलूप समोर आणल्याशिवाय किल्ली करून द्यायचे नाहीत. मेणावर नाहीतर साबणावर ठसा घेऊन कोणी आलं, की असे उखडायचे की समोरचा साबण टाकून पळायचा. लोकांना त्याचं कोण कौतुक! इमारतीतल्या प्रत्येक घराची जास्तीची किल्ली त्यांच्या दुकानातल्या खिळ्यांवर लटकायची. दुसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर तर दर आठवड्याला किल्ली घरात विसरून दार ओढून घ्यायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "काढा आमची अब्रू खिळ्यावरून!" शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. चारचौघांत ते सांगायचे, "असा सचोटीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

ही सचोटी कुठल्या शाळेत शिकून आली, ते फक्त मावशींना ठाऊक होतं.

तेव्हा ती दोघं दुसऱ्या गावी राहायची. लेक रांगत होती. एक जुना दोस्त साबणाची वडी घेऊन आला, त्यावर किल्लीचा ठसा. कुणाची किल्ली, कशाला हवी, हे न कळण्याइतके कुलूपवाले भोळे नव्हते. कळलं होतं, तरी केली. दोस्तीखातर म्हणा, हव्यासापोटी म्हणा. घर फुटलं, दोस्त पकडला गेला, त्यानं यांचं नाव घेतलं. आधी कच्चा कैदी म्हणून खितपत पडले, मग रीतसर शिक्षा झाली. कुलूपवालाच कुलपात गेला म्हणून गावानं पोट धरधरून हसून घेतलं. मावशींनी शिवणयंत्राला मान घातली ती वर काढलीच नाही. लेक बोलायला लागली आणि विचारायला लागली, तेव्हा सांगितलं, बाबा धरणाच्या कामावर गेलेत, लांब.

ते परत आले तेव्हा लेकीनं दारातच अडवून विचारलं, "धरण झालं बांधून?"

बापानं एकदा बायकोकडे पाहिलं. मग उकिडवं बसत म्हणाला, "झालं गं बाई. पाणीसुद्धा भरलं."

घरी आल्यावर हा माणूस झोपला तो भिंतीला चिकटून, एका कुशीवर, गुडघे जुळवून. बाकी सगळी कॉट ओस. मावशींना वाटलं, रागावलेत. बघतात तर डोळे टक्क उघडे, आणि अंगाखालचा खांदा दुखतोय हे तोंडावर दिसतंय.

"अहो, मग वळा की!"

"अजून कोणी म्हटलं नाही ना," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून ओशाळले.

मग हळूहळू सांगितलं. बराकीत माणसं इतकी, की उताणं झोपायला जागाच नाही. सगळ्यांनी एकाच कुशीवर, एकमेकांना चिकटून झोपायचं. मधल्या कोणाला एकट्याला वळताच येत नाही. खांदे भरून आले की कोपऱ्यातला एक म्हातारा ओरडायचा, "चला, कूस!" आणि सगळी बराक एकदम वळायची. म्हाताऱ्याचा डोळा लागला तर सगळ्यांचे हाल. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. त्या नुसतं म्हणाल्या, "चला, कूस!" कुलूपवाले निमूट वळले. मग दोघंही हसत सुटली, आणि हसता हसता मावशींना जे रडू फुटलं ते आवरेना.

तेव्हापासून ते मावशींचं कामच होऊन बसलं. पुढे नव्या शहरात आले, दुकान थाटलं, नाव झालं, पण कूस काही सुटली नाही. लेकीनं ते ऐकलं आणि तिला तो खेळच वाटला. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की ती कॉटच्या उशाशी उभी राहून कमरेवर हात ठेवून हुकूम सोडायची, "चला, कूस!" आणि बाप धान्याच्या पोत्यासारखा धप्पकन वळायचा. पुन्हा "कूस!" पुन्हा धप्प. पोरगी खिदळून खिदळून लोळायची. ते दिवस आठवले की मावशींचं टाके घालणं थांबतं. एवढं सुख आपण या खोलीत भोगलं, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

लेक आता औषधांच्या दुकानात कामाला होती, डोक्यावरचे केस पिकायला लागले होते, पण बाबांचा विषय निघाला की अजून तीच पोरगी. "माझे बाबा" म्हणताना आवाजच बदलायचा. मावशींना त्याचीच धास्ती. आपण डोळे मिटायच्या आत सांगावं, की तसंच राहू द्यावं? सांगितलं आणि तिच्या मनातून बाप उतरला, तर कुलूपवाले दुसऱ्यांदा मेल्यासारखेच. म्हणून त्या आजचं उद्यावर ढकलत राहिल्या.

तर अशा एका सुट्टीच्या सकाळी लोकांचं मत विचारत एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. सरकारनं कुठलं काम आधी हाती घ्यावं, रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा की तुरुंगातली गर्दी आणि तिथल्या सुधारणा, एवढंच तिला विचारायचं होतं. हेडमास्तरांच्या हाती ती सापडली म्हणजे संपलंच. त्यांनी तिला घरोघर जाऊच दिलं नाही. सगळ्यांना मावशींच्या दारासमोरच्या गॅलरीत गोळा केलं, खाली बसणाऱ्या इस्त्रीवाल्यालासुद्धा हाक मारून वर बोलावलं. मावशी हातातली उसवण तशीच घेऊन उंबऱ्यात बसल्या, लेक दाराला टेकून उभी राहिली.

"पाणी!" हेडमास्तरांनी निकाल लावला. "सगळ्यांचं पाणीच लिहा. आणि तुरुंग सगळ्यात खाली."

"काका, प्रत्येकाचं वेगळं विचारायचं असतं," मुलगी म्हणाली. "आणि प्रत्येक कामाबद्दल विचारायचं असतं. तुरुंगातली गर्दी कमी करणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं?"

"चोरांच्या सोयीसाठी आम्ही कर भरायचा?" इस्त्रीवाला म्हणाला. "माझ्या खोलीत आम्ही पाच जण झोपतो. आमची गर्दी कोण मोजतंय?"

यावर सगळे हसले. मुलगीही हसली. इस्त्रीवाल्याचं काही चूक नव्हतं, मावशींनाही ते पटलं. त्यांनी मान खाली घालून सुई ओवायला घेतली. एवढ्यात लेक बोलली.

"माझं लिहा, अजिबात गरजेचं नाही. उलट थोडी दाटीवाटी हवीच. आरामात तंगड्या पसरून झोपायला मिळालं तर अद्दल कशी घडायची? माझे बाबा जन्मभर एका खोपटात बसून राबले. त्यांच्यासाठी कुठल्या सरकारनं काय केलं?"

सुई मावशींच्या बोटात घुसली.

"तंगड्या पसरून?" त्या म्हणाल्या. आवाज असा चढला की हेडमास्तरसुद्धा गप्प झाले. "अगं, उताणंसुद्धा झोपता येत नाही तिथं! सगळ्यांनी एका कुशीवर पडायचं, चिकटून. खांदा मोडून आला तरी हलायचं नाही. एकानं हाक द्यायची, चला, कूस, मग सगळ्यांनी..."

आणि त्या थांबल्या. शब्द तोंडातून निसटला होता, आता तो परत कसा घेणार?

"वहिनी, तुम्हाला हो कसं माहीत?" हेडमास्तरांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "हां, पेपरात आलं असेल."

"हो," मावशी म्हणाल्या. "पेपरातच." बोटावर रक्ताचा थेंब आला होता, तो त्यांनी तोंडात धरला. लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

"मावशी, मग तुमचं काय लिहू?" मुलीनं विचारलं.

"खूप गरजेचं," मावशी म्हणाल्या. "लिही."

मुलीनं लिहून घेतलं, सगळ्यांचे आभार मानले आणि खालच्या मजल्याकडे निघाली. मंडळी पांगली. हेडमास्तर मात्र तिच्या मागेच, कारण खालच्यांनीही पाणीच सांगायला हवं होतं.

आत आल्यावर लेकीनं दार लावलं. कॉटच्या उशाशी जाऊन उभी राहिली, लहानपणी जिथं कमरेवर हात ठेवून उभी राहायची तिथंच.

"पेपर आपल्याकडे येतच नाही, आई."

मावशी खाली बसल्या. इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. "धरण नव्हतं गं," एवढंच म्हणाल्या. मग साबणाची वडी, दोस्त, कोर्ट, सगळं एका दमात सांगून टाकलं. काही लपवलं नाही, किल्ली कशाला हवी ते बाबांना ठाऊक होतं, हेही नाही लपवलं.

लेक ऐकत होती. तिचा चेहरा मावशींना वाचता येईना. बराच वेळ ती भिंतीकडच्या बाजूला हात फिरवत राहिली.

"म्हणजे मी त्यांना..." ती म्हणाली. "मी हसायचे, आई. मी हुकूम सोडायचे आणि हसायचे."

"त्यावरच तर ते जगले! वेडी की काय? म्हणायचे, तिथं म्हाताऱ्याच्या हाकेची वाट बघून जीव जायचा, इथं माझी पोरगी ओरडते तेव्हा परत येतो."

लेकीनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "त्यांना कधी उताणं झोपता आलं का?"

मावशींना हेच सांगायचं नव्हतं. "आलं. अगदी शेवटी, दवाखान्यात. नर्सनं उशी सारखी केली, उताणं झोपवलं. ग्लानीत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, शेजारच्याला जागा पुरतेय ना बघ."

लेक उठली. मावशींना वाटलं, तोंड धुवायला चालली. पण ती दार उघडून गॅलरीत गेली आणि कठड्यावरून खाली वाकली.

"ताई!" तिनं जिन्यात हाक मारली. "ओ ताई! माझं उत्तर बदला."

खालून मुलीनं वर पाहिलं. शेजारी हेडमास्तर होतेच. "का गं? काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काका, माझे बाबा तुरुंगात होते. चोराला किल्ली करून दिली म्हणून. खरंच दिली होती त्यांनी." आवाज सगळ्या जिन्यात घुमला. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीचा आवाज थांबला. "शिक्षा झाली ती बरोबर झाली. पण कोंडून ठेवायची शिक्षा झाली होती. उताणं झोपायचं नाही, अशी कोणी दिली होती?"

मावशी कशाबशा उठून दारापर्यंत आल्या. लेकीच्या तोंडून "माझे बाबा" त्याच जुन्या आवाजात निघालं होतं, तेवढं त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

"मग काय लिहू?" मुलीनं चाचरत विचारलं.

"लिहा, माणसाला अंग टाकायला जागा मिळाली पाहिजे. मग तो कोणी का असेना."

"असा पर्याय नाहीये, ताई."

हेडमास्तरांनी खाकरून घसा साफ केला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच असा खाली आला होता.

"शेवटी 'इतर' म्हणून असतं बघ," ते मुलीला म्हणाले. "तिथं लिहून घे."

त्यांचा एक हात सदऱ्याच्या खिशात, कुलूपवाल्यांनी करून दिलेल्या घराच्या किल्लीवर होता.