गाडी तेलात हाय

रुद्राणीनं दाढीच्या ब्लेडचा कागद दातानं फाडला आणि गाडीच्या मागच्या दारापाशी उकिडवी बसली. चाकाच्या वरपासून दाराच्या अर्ध्यापर्यंत रस्त्यावरच्या ताज्या पट्ट्याचा पांढरा रंग शिंतोड्यांनी बसला होता. गाडी निळी, त्यामुळं बारीकसा ठिपकाही लपत नव्हता. सकाळी नऊला ओला होता. आता अकरा वाजले, नखाला दाद देईना.

ती ब्लेड टेकवणार, तेवढ्यात ओट्यावरनं आवाज आला.

"त्या ब्लेडनं आदी माजी दाढी कर."

आप्पा. गोळी घेऊन झोपलेत असं समजूनच ती कामाला लागली होती. ते चौकटीला खांदा लावून उभे होते. उजवा हात पोटाशी, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा धरलेला.

एकतीस वर्षं एसटी चालवली तिच्या वडिलांनी, धोंडप्पांनी, साधा आरसा फुटला नाही. तीन महिन्यांपूर्वी सकाळी त्यांच्या हातातनं चहाचा कप सुटला, तेव्हापासून हा हात असा. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, येईल. आप्पांनी डॉक्टरनं दिलेला रबरी चेंडू एकदा दाबून बघितला, दबला नाही, तसा डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. शुक्रवार पेठेतली पोरं अजून त्या चेंडूनं खेळतात. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडी विकायला काढली. आज दुपारी एकला गिऱ्हाईक, सयाजी, ती बघायला येणार होता.

"गाडी कुनी काढली?"

"मी."

"कुटं?"

"मैंदर्गीला."

"कशाला?"

रुद्राणीचं डोकं सटकलं. "हवा खायला! तो डबा बघा की पायरीवरचा. घाण्याचं करडईचं तेल हाय. शिवबाई आत्या म्हणली हाताला चोळा, म्हणून गेले. कोन जाणार हुतं दुसरं?"

आप्पांनी डब्याकडं बघितलंच नाही. एकेक पायरी उतरत खाली आले. ती धरायला उठली आणि परत बसली. धरलेलं त्यांना चालत नसे.

"उजव्या अंगालाबी उडालाय?"

"न्हाई."

"म्हंजे कडंची रेघ. कडंला कशाला गेलीस?"

"समोरनं मेंढरं आली. रंगवाली मानसं बोंबलत हुती, वलं हाय, वलं हाय म्हणून. पन मेंढरांनी रस्ता भरला हुता. मग घातलं चाक रेघंवर."

"हॉर्न मारलास?"

"न्हाई. बारकी कोकरं हुती त्यांच्यात. बुजली असती."

आप्पा वाकून शिंतोडे बघत राहिले. कुठनं सुरू झालेत, कुठं संपलेत.

"हँडलापर्यंत एकबी न्हाई पोचला," ते म्हणाले. "गाडी वीसच्या वर न्हवती."

हे कौतुक की टोमणा, तिला कळलं नाही. तिनं विषय बदलला. "घरात थिनर हाय, दाराला रंग दिला तवाचं. दोन मिनिटांत—"

"दोन मिनिटांत गाडीचा रंगबी येईल फडक्याला. मग सयाजी म्हणंल, ठोकलेली गाडी रंगवून विकतेत. आदी पानी मार. धूळ ऱ्हायली तर तीच चरे पाडती."

तिनं बादली आणून दार धुतलं.

"आता तेल लाव."

"कुटलं तेल?"

आप्पांनी हनुवटीनं पायरीवरचा डबा दाखवला.

"ते तुमच्या हाताचं हाय आप्पा!"

"हात कुटं पळून चाललाय?"

आतनं तिची आई गुरम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. "बघा गं बाई! पोरगी एवढ्या लांबनं तेल आनती, आन ह्ये दाराला पाजतेत." बोलत बोलतच तिनं दोरीवरचा जुना सोलापुरी टॉवेल ओढून रुद्राणीकडं फेकला. धुवून धुवून तो लोण्यासारखा झाला होता.

तेल लावलं. आप्पा म्हणाले, अर्धा तास हात लावायचा नाही. रुद्राणीला अर्धा तास म्हणजे शिक्षा. ती तीनदा उठली, तीनदा "बस" ऐकून बसली. आप्पांसाठी पाट आणला, तर तो तिरका ठेवला म्हणून बोलणी खाल्ली.

"हां, आता पूस. गोल नको फिरवू, सरळ. दाबू नको. घडी बदल की! घान लागली तिकडंच परत पुसतीयास."

पांढरा थर मऊ पडला होता. टॉवेलबरोबर तो मळासारखा सुटून येऊ लागला, आणि खालनं निळा रंग जसाच्या तसा निघाला. दाराच्या कडेला एक जाड थेंब तेवढा अडून बसला. त्याला ती नखानं भिडली.

"खिशात कार्ड हाय माज्या, प्लास्टिकचं. त्येच्या कडंनं हळू उचल."

तिनं त्यांच्या खिशातनं कार्ड काढलं. व्यायामाच्या दवाखान्याचं होतं. दहा चौकोन, दहा खेपांचे शिक्के मारायला. सगळे कोरे.

"आलं बाई कुनाच्या तरी उपयोगाला," गुरम्मा म्हणाली.

थेंब निघाला. पण रुद्राणीला आता दम धरवेना. ती दोन्ही हातांनी दार घासायला लागली.

"अगं हळू! चरा पडंल. आन हिकडं!"

आप्पांनी पाट पुढं सरकवला. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं दाराची कड धरली, आणि टॉवेलसाठी दुसरा हात पुढं केला.

उजवा.

त्यांच्या ते ध्यानातच नव्हतं. टॉवेल बोटांत आला आणि खाली पडला. मग ध्यानात आलं. त्यांचा चेहरा बदलला.

रुद्राणीनं टॉवेल उचलला, झटकला, घडी बदलून परत त्याच तळहातावर ठेवला, आणि चाकाच्या नटांकडं बघत बसली, जसं काही तिथं लई बघण्यासारखं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग टॉवेल हलला. बोटभर पुढं, बोटभर मागं. सरळ. कोपरापर्यंत तेलाचा ओघळ आला. आप्पांच्या कपाळावर घाम जमला, पण हात थांबला नाही. गुरम्मा दारात उभी होती.

पाऊण वाजता फोन वाजला. गुरम्मानं तो आणून आप्पांच्या कानाला लावला.

"सयाजी? आज नको येऊ बाबा. गाडी तेलात हाय... इंजिनाला न्हवं रं, दाराला. डाग हायत... उद्याचं काय सांगता येत न्हाई. लई डाग हायत."

फोन बाजूला झाला. आप्पांनी धाप टाकली.

"हितलं झालं. अजून हाय का कुटं?"

रुद्राणीनं दार वरपासून खालपर्यंत बघितलं. समोरच्या दोरीवरचे कपडे त्यात स्वच्छ दिसत होते. सुईच्या टोकाएवढा ठिपका असता तरी तिच्या नजरेतनं सुटला नसता.

"हाय की," ती म्हणाली, आणि तिनं वर हँडलापाशी बोट ठेवलं. "हितं."

आप्पांनी हँडलाकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"व्हय की," ते म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात तिथपर्यंत उचलायला घेतला.