येऊन बसणारी बाई

डोळे तपासायला आलेल्या माणसाला हनुवटी यंत्रावर टेकवायला सांगितली, की त्याची बोलती बंद होते आणि वहिनींची सुरू होते. दवाखान्यात त्यांना सगळे डोळ्यांच्या बाई म्हणतात; पण ही गोष्ट घरातली आहे, म्हणून आपण वहिनीच म्हणू. नंबर काढता काढता, डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघता बघता, त्या समोरच्याच्या गळ्यात एखादी ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका बांधतात. तीही फुकट.

बरं, कुणालाही काहीही देत नाहीत. चष्मा देतात तशीच मालिका देतात. रक्त चालतं का? अंधार सोसतो का? शेवटी खुनी तुरुंगात जायलाच हवा, की नुसता कळला तरी पुरे? आता बरं की मघाशी बरं, असं विचारत विचारत माणसाच्या मनाचा नंबर काढतात. सासूशी पटत नसलेल्या बाईला त्या मोठ्या बंगल्यातली विषप्रयोगाची मालिका मुद्दाम देतात, तेवढाच तिच्या जीवाला थंडावा. आणि शेवट कधी सांगत नाहीत. एकदा नवरा चिडून न जेवता झोपला, पण खुनी कोण ते वहिनींच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

एवढं जोखूनमापून देणाऱ्या बाईनं घरच्याच माणसाला न तपासता चष्मा द्यावा, याला काय म्हणावं?

झालं असं, की छकुलीनं स्वतःहून मागितलं. छकुली म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. चाळिशी आली तरी घरात छकुलीच. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा सहलीला गेला आणि नदीत बुडाला. तेव्हापासून छकुलीनं कुणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. त्यामुळे परवा फोनवर ती म्हणाली, "वहिनी, काहीतरी सांग ना बघायला. संध्याकाळ सरत नाही गं," तेव्हा वहिनींना इतका आनंद झाला, की प्रश्न विचारायचेच राहिले. पहिली आठवली ती मालिका सांगून टाकली.

"अगदी साधी आहे. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, गुडघे दुखणारा म्हातारा पोलीस. सारखे चहा पितात. तुला आवडेल."

टीव्हीवर मालिका दिसतात त्या आपल्याच खात्यात छकुलीचं नाव घालून दिलं. पडद्याखालची बारीक अक्षरं वाचायला नवा चष्माही करून दिला. पुण्य लागेल असं वाटलं असणार.

मंगळवारी सकाळी गाण्याच्या निवृत्त बाई तपासणीला आल्या. यंत्रावर हनुवटी ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "तुमची ती मेंढ्यांची मालिका बघितली बरं का. छानच आहे. पण तिसऱ्या भागात त्या मुलाला तळ्यातून बाहेर काढतात ना, तिथे माझा काही निभाव लागला नाही. उठून आत गेले मी."

वहिनींच्या हातातली काच हातातच राहिली.

तळं. हो की. तळं होतं. वहिनींनी ती मालिका बघितली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा भाचा त्यांच्याच घरी सोफ्यावर उड्या मारत होता आणि मालिकेतलं पोर म्हणजे नुसतं एक प्रकरण होतं. शव सापडलं, तपास सुरू झाला, चला पुढे. मेंढ्या लक्षात राहिल्या आणि पोरगं विसरलं. वहिनींना स्वतःची इतकी लाज वाटली, की गाण्याच्या बाईंचा डावा डोळा त्यांनी दोनदा तपासला आणि उजवा राहूनच गेला.

बाई जाताच त्यांनी छकुलीला फोन लावला. "कुठवर आलीस गं?"

"दुसरा संपला काल. चांगली आहे."

वहिनींचा जीव भांड्यात पडला, पण भांडं हलतंच होतं. तिसरा अजून बघायचा होता.

"पुढे पडते ती," त्या म्हणाल्या. "फारच रटाळ होते. सोड. मी दुसरी सांगते."

"असू दे रटाळ. वेळ तर जातो."

"अगं, शेवटही काही धड नाही."

"मला शेवटाशी काय करायचंय, वहिनी."

आता मात्र वहिनींचं धाबं दणाणलं. खरं कारण सांगावं, तर ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचंच नाव घ्यावं लागणार. घरात तसा नियम होता. तो वहिनींच्या नवऱ्यानं, म्हणजे छकुलीच्या दादानं घातला होता: तिच्यासमोर विषय नको, तिला त्रास होतो. बैठकीतले फोटो कपाटात गेले होते. पोराला सगळे खारू म्हणायचे, कारण दाणे, फुटाणे, हाताला लागेल ते खिशात साठवायचा. तर आता छकुली आली की खारे दाणेसुद्धा बशीत येत नव्हते. दोन वर्षं सगळे असे काचेवरून चालल्यासारखे चालत होते.

वहिनींनी डोळे मिटले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. "तो टपालवाला असतो खुनी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तू शेवट सांगितलास? तू?" छकुली म्हणाली. "काय झालंय?"

"कुठे काय. पेशंट आलाय, ठेवते." आणि फोन ठेवला. पेशंट वगैरे कुणी नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिला काही संशय नव्हता, तिच्या मनात आता पेरून ठेवला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या वहिनींनी टीव्ही लावला आणि छकुलीच्या नावावर जाऊन बघितलं. कुणी किती बघितलं ते त्या खात्यात लाल रेघेनं दिसतं. तिसऱ्या भागाखाली रेघ आली होती आणि मध्येच थांबली होती. बुधवारी सकाळी चहाही न घेता बघितलं, रेघ तिथेच. संध्याकाळी बघितलं; तिथेच. धड पुढे जात नाही, धड मागे येत नाही.

आयुष्य ज्या बाईनं गुप्तहेरांच्या संगतीत घालवलं, तिला याचा अर्थ लावायला कितीसा वेळ लागणार? छकुलीनं तळं बघितलं. पाण्यातून पोराला काढताना बघितलं. रिमोट टाकला. आणि त्या घरात आत्ता ती एकटी आहे, नवरा समुद्रात. वहिनींना डोळ्यांसमोर सगळं दिसायला लागलं, आणि न दिसावं तेही दिसायला लागलं.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच ताटात ठेवला त्यानं.

"कुणी सांगितली तिला ही मालिका?"

"मीच."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ताट बाजूला सारून म्हणाला, "पासवर्ड बदल. पुढचं तरी दिसायला नको तिला. काही विचारलं तर सांगू, बिघडलंय काहीतरी."

वहिनींनी पासवर्ड बदलला. छकुलीच्या घरचा पडदा बंद झाला असेल, या विचारानं त्यांना जरा बरं वाटलं. आता ती फोन करेल, 'वहिनी, चालत नाहीये गं' म्हणेल, मग आपण हळूच दुसरी, हसरी काहीतरी लावून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

फोन आला नाही. गुरुवारी सकाळी वहिनींनी स्वतः केला, तर उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. दवाखान्यात त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली, त्यांनी ती वाचली, आणि वहिनी तशाच उभ्या. "बाई, मी वाचली," ते म्हणाले. "चुकली का?" त्यांची काही चूक नव्हती. वहिनींनी डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच बाहेर पडल्या.

रस्ताभर त्यांचा जीव टांगणीला. लिफ्ट यायला उशीर लागला, तर जिन्यानं गेल्या. बेल वाजवली. आत काही हालचाल नाही. दुसऱ्यांदा वाजवली आणि बोट तसंच दाबून धरलं.

छकुलीनं दार उघडलं. केस विंचरलेले, डोळ्यांवर नवा चष्मा. वहिनींना जिन्याची धाप लागली होती, त्यात रडू यायला लागलं, आणि या दोन्हींमध्ये बोलायला जागाच उरली नाही.

"फोन का नाही उचललास?" शेवटी त्या म्हणाल्या.

"लाज वाटली," छकुली म्हणाली.

दोघी आत येऊन बसल्या. टीव्ही बंद होता. त्याच्या समोर एक खुर्ची अगदी जवळ ओढून ठेवली होती, कुणाशी बोलायला ठेवावी तशी.

"चूक माझी आहे," वहिनी म्हणाल्या. "मी विसरले गं. मला आठवायला हवं होतं तिसऱ्या भागात काय आहे ते. तुला ते तळं बघावं लागलं..."

"तळं मी बघितलंच नाही. ते येणार हे कळत होतं. पुढे ढकललं."

"मग रेघ कशी मध्येच थांबली?"

छकुलीनं वर बघितलं. "म्हणजे तुला दिसत होतं? मला वाटलंच. म्हणून बंद केलंत ना तुम्ही?"

"कशामुळे बंद केलं वाटलं तुला?"

छकुली चष्म्याची दांडी चाचपत बोलायला लागली. "तळ्यानंतर एक पोलीसबाई येते बघ. साध्या कपड्यातली. तपास वगैरे तिच्याकडे नसतो. तिचं काम एवढंच, त्या घरी जाऊन बसायचं. ती येते, कोट काढून ठेवते. कप कुठे, साखर कुठे, काही विचारत नाही, आपलं आपण शोधून चहा करते. आईच्या समोर बसते. आणि विचारते, सांगा ना, कसा होता तो?"

"मग?"

"मग ती आई तोंड उघडते आणि तेवढ्यात पोलीसबाईचा फोन वाजतो. ती उठून जाते. संपलं." छकुली थोडी हसली. "तिथे मी थांबवते. परत मागे घेते. ती परत येते, परत विचारते. मग फोन वाजायच्या आधी मी बंद करते आणि सांगते तिला."

"कुणाला?"

"त्या बाईला. कसा होता ते." ती खाली बघत म्हणाली. "वेड्यासारखं आहे, मला कळतं. तुम्हाला कळलं असणार, म्हणून दादानं बंद केलं असेल, असं वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही. पण काल रात्रीपासून ती बाई येत नाहीये, वहिनी."

दोन वर्षं त्या या घरी येत होत्या. डबे आणत होत्या, पडदे धुवून देत होत्या, हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या. दोन वर्षांत जे एका माणसानं विचारलं नाही, ते परक्या देशातल्या एका खोट्या पोलीसबाईनं विचारलं होतं, आणि तिलाही त्यांनी घराबाहेर काढलं होतं. त्रास होईल, त्रास होईल म्हणत सगळ्यांनी स्वतःचाच त्रास वाचवला होता.

त्या उठल्या. पर्स टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात गेल्या, आधण ठेवलं, काही न विचारता साखर काढली. नाव घेतलं आणि ही कोसळली तर? नवरा काय म्हणेल? बोटीवर कुणी कळवायचं? चहा उतू जायला आला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, दोन कप भरले आणि बाहेर आल्या. टीव्हीसमोरची खुर्ची उचलून त्यांनी छकुलीच्या समोर ठेवली आणि स्वतः तिथे बसल्या.

"खारू कसा होता गं?" त्या म्हणाल्या.

छकुली त्यांच्याकडे बघतच राहिली. डोळे भरून आले, पण ती कोसळली नाही.

"परत म्हण," ती म्हणाली.

"खारू."

"तुला माहीत आहे की तो कसा होता."

"तरी सांग."

छकुलीनं कप दोन्ही हातांत धरला. "लबाड होता," ती म्हणाली. "दाणे साठवायचा ते स्वतःसाठी नाही, माहितीय? मला वाटायचं खादाड आहे. एकदा शाळेतून येताना मी मागून बघितलं, तर कोपऱ्यावरच्या त्या लंगड्या कुत्र्याला..."

पर्समध्ये फोन वाजला. वहिनींचा नवरा असणार. छकुली फोन उचलत नाही हे कळल्यापासून तोही घाबरलेला होता. छकुली बोलायची थांबली. पर्सकडे बघत तिनं कप खाली ठेवला. आता काय होतं, हे तिला पाठ होतं.

वहिनींनी पर्समधून फोन काढला. नवऱ्याचं नाव बघितलं. फोन बंद केला आणि पर्ससकट पलीकडच्या खोलीत ठेवून आल्या.

"लंगड्या कुत्र्याला काय?" परत खुर्चीत बसत त्या म्हणाल्या.