रविवारची विद्यार्थिनी

जामखेडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची शिपाई म्हणून सुरेखाला चौदा वर्षं झाली होती. खर्ड्याहून सकाळची एसटी धरायची, लॅबचं कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, बत्तीस मशिनांवरची कव्हरं घडी घालून कपाटात ठेवायची आणि मग पोरं यायची वाट बघत दाराजवळच्या स्टुलावर बसायचं. सुरुवातीला काम एवढंच होतं. पण कुठं केबलचं टोक निघालं, कुठं उंदरानं वायर कुरतडली, की नगरहून माणूस येईपर्यंत आठवडा जायचा. म्हणून तिनं त्याच माणसाकडून टोक बसवायला शिकून घेतलं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारांचा हा क्रम तिनं मेथी निवडता निवडताही घडाघडा म्हटला असता. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का घालायची, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी संस्कृती नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनं तिला विचारलं, की ताई, सगळ्या मशिनांच्या केबली जिथं येतात, त्या भिंतीवरच्या कपाटातल्या स्विचचे दिवे सारखे लुकलुक का करतात. सुरेखा म्हणाली, चालू आहे म्हणून. मुलीचं समाधान झालं आणि ती गेली. सुरेखाचं झालं नाही. चालू तर पंखाही असतो, तो कुठं लुकलुकतो? दिवसभर तिला ते उत्तर खटकत राहिलं. बारा वर्षं ज्याच्यावरची धूळ पुसली, त्याच्याबद्दल एवढंच सांगता यावं, याची तिला लाज वाटली.

त्याच कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं आणि त्याचे वर्ग रविवारी भरत. बारावी तिची लग्नाआधीच झाली होती. जूनमध्ये तिनं बीसीएला नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. वैजनाथ, तिचा नवरा, तेव्हा पेरणीच्या पाभरीचे फण घट्ट करत बसला होता.

"रविवारीबी जानार म्हंजे?" त्यानं विचारलं.

"व्हय. पन त्या दिशी झाडायला न्हाई. शिकायला."

त्यानं पाना बाजूला ठेवला. मग म्हणाला, रविवारचं दळण तो आणील. तिच्या सासूनं, रंगुबाईनं, फक्त एवढंच विचारलं, की मास्तर ओळखीचे हायती का. ओळखीचे आहेत म्हटल्यावर तिचीही काळजी मिटली.

पहिलं वर्ष इंग्रजीच्या आणि गणिताच्या धाकात गेलं. दुसऱ्या वर्षी नेटवर्किंगची ओळख करून देणारा विषय आला. तो शिकवायला निकिता मॅडम होत्या. वय अठ्ठावीस, स्वभावानं शांत, आणि आठवड्यातले सहा दिवस त्याच लॅबमध्ये कॉलेजच्या मुलांना शिकवणाऱ्या. सोमवार ते शनिवार त्या म्हणत, सुरेखाताई, प्रोजेक्टर लावता का. रविवारी म्हणत, सुरेखाताई, पुढचा परिच्छेद वाचता का. पहिल्या रविवारी फळ्यावरचं पेन संपलं तेव्हा सुरेखा सवयीनं उठली. मॅडम म्हणाल्या, "आज तुम्ही बसा. मी आणते." सुरेखा बसली खरी, पण मॅडम परत येईपर्यंत तिला त्या खुर्चीत नीट टेकता येईना.

त्या वर्गात तिला बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या. केबलमधल्या तारा दोन-दोन करून पिळलेल्या असतात, त्या पिळामुळं एका जोडीचा गोंगाट दुसरीत शिरत नाही. टोक बसवायला सोपं जावं म्हणून सुरेखा आजवर तो पीळ चांगला दोन-दोन इंच उकलत आली होती. शेवटच्या रांगेतली तीन मशिनं कायम रडत चालायची, तिथली टोकं तिनंच बसवलेली. दुसऱ्याच दिवशी मुलं यायच्या आत तिनं ती कापली आणि पीळ अगदी थोडा उकलून नवी बसवली. मशिनं सुधारली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात ती स्टुलावरून त्या रांगेकडं पुन्हा पुन्हा बघत होती.

दिव्यांचंही तिला कळलं. एका मशीनला दुसऱ्याशी बोलायचं असतं, पण त्याचा पत्ता माहीत असला तरी त्या पत्त्यावर नेमकं कोण आहे, ते माहीत नसतं. मग ते सगळ्यांना हाक मारतं, की हा पत्ता कुणाचा, आणि स्विच ती हाक प्रत्येक दारातून बाहेर सोडतो. ज्याचा पत्ता असेल तो ओ देतो. प्रत्येक जाण्यायेण्याला दिवा लुकलुकतो. मॅडमनी पुढं असंही सांगितलं होतं, की चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये लागली, तर ती हाक एका दारातून निघून दुसऱ्या दारातून परत आत येते, पुन्हा बाहेर पडते, आणि अशी फिरत फिरत वाढतच जाते. मग खऱ्या बोलण्याला जागाच उरत नाही. सुरेखानं हे वहीत मराठीतच लिहून घेतलं.

प्रात्यक्षिक परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी होती. आदल्या संध्याकाळी सुरेखानं लॅब आरशासारखी लखलखीत केली. बाहेरून परीक्षक येणार होते, आणि परीक्षा तिची असली तरी लॅबही तिचीच होती. फरशी दोनदा पुसली, स्विचच्या कपाटातली जळमटं काढली, लोंबणाऱ्या वायरी नीट आवळून बांधल्या आणि कुलूप लावून शेवटची गाडी गाठली.

सकाळी अकरा जण परीक्षेला बसले. त्यात पार्थ होता, पेट्रोल पंपावर हिशेब ठेवणारा. कानिफनाथ तर मोटारसायकलवरून काष्टीहून आला होता, दिवस उगवायच्या आधी निघून. नगरहून आलेले देशमाने सर साठीकडं झुकलेले आणि कमी बोलणारे होते. प्रत्येकानं एक केबल तयार करायची, आपलं मशीन स्विचला जोडायचं, त्याला पत्ता द्यायचा, शेजारच्या मशीनला हाक घालून त्याची ओ येते का ते बघायचं आणि आकृतीसह लिहून द्यायचं. दोन तासांचं काम होतं.

सुरेखाची केबल पंधरा मिनिटांत झाली. तिनं पत्ता दिला, हाक घातली. ओ आली नाही. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं पत्ता तपासला, टोक तपासलं, पुन्हा हाक घातली. तेवढ्यात मागून पार्थ म्हणाला, की त्याचंही होत नाही. मग कानिफनाथ. बघता बघता अकराही जणांचं तेच झालं.

निकिता मॅडमनी सगळी मशिनं बंद करून चालू करायला लावली. काही फरक पडला नाही. नगरच्या माणसाचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. देशमाने सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, की अर्ध्या तासात जमलं नाही तर परीक्षा पुढच्या महिन्यात घ्यावी लागेल. कानिफनाथानं डोक्याला हात लावला.

सुरेखाला तिच्या जागेवरून स्विच दिसत होता. त्याचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच वेगानं, दम न घेता फडफडत होते. एरवी ते असे नसत, कुठं एक, कुठं दोन, मधे थांबून. ती उठून उभी राहिली.

"तुम्ही परीक्षार्थी आहात ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. पण लॅब माझ्याकडं असते. मी बघू का?"

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान हलवली. मग ते म्हणाले, "बघा. पण कशालाही हात लावायच्या आधी, काय करताय आणि का, ते मला सांगायचं."

सुरेखा कपाटापाशी गेली. इंग्रजी शब्द ऐन वेळी सापडेनात, म्हणून तिनं मराठीतच सांगितलं. सगळे दिवे एकदम पेटतायत, म्हणजे कुठली तरी एक हाक फिरत राहिलीय. म्हणजे कुठं तरी वायर फिरून स्विचलाच परत आलीय. ती सापडावी म्हणून आता एकेक केबल काढणार, काढून दिव्यांकडं बघणार. फरक नाही पडला तर तीच परत तिथंच लावणार आणि पुढची काढणार.

पहिली काढली, काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी, काही नाही. सगळा वर्ग तिच्यामागं उभा होता. सातवी, एक राखाडी केबल, काढताच दिवे शांत झाले. मग एक लुकलुकला. मग दुसरीकडं दुसरा. पार्थ आपल्या मशीनकडं पळाला आणि तिथूनच म्हणाला, की ओ आली.

सुरेखाच्या हातात राखाडी केबलचं टोक होतं. तिनं दुसऱ्या टोकाचा माग घेतला. ते त्याच स्विचच्या खालच्या ओळीत लागलेलं होतं, आणि केबलच्या मधोमध पिवळ्या सुतळीची गाठ होती. गाठ तिचीच होती. काल कपाट साफ करताना हे एक टोक नुसतं लोंबत होतं. लोंबतं बरं दिसत नाही म्हणून तिनं समोरच्या रिकाम्या जागेत ते बसवून टाकलं होतं. पाठ होईस्तोवर वाचलेली गोष्ट, आणि हात मात्र चौदा वर्षांच्या सवयीनं चालले होते.

कुणीच विचारलं नव्हतं. मॅडम तर नि:श्वास सोडून हसत होत्या. नगरच्या माणसानं कधी तरी लावली असेल, असंच सगळ्यांनी धरलं असतं. सुरेखाला एक क्षण वाटलं, की बरंच आहे. पण कानिफनाथ दिवस उगवायच्या आधी निघून आलेला तिला समोर दिसत होता.

"सर, ही मीच लावली होती," ती म्हणाली. "काल संध्याकाळी, आवराआवर करताना."

देशमाने सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"आता नसती लावली?"

"आता आधी दुसरं टोक कुठं आहे ते बघितलं असतं."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सगळ्यांना पाऊण तास वाढवून दिला आणि जागेवर बसायला सांगितलं. सुरेखा आपल्या जागेवर आली. आकृती काढताना तिनं दोनदा खोडलं, आणि ती पुरी व्हायच्या आत वेळ संपला.

त्या संध्याकाळी घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. वैजनाथ ऐकत राहिला.

"मग आता पास हुशील का?"

"व्हईन. पन घोळ मीच घातला हुता, आवं."

"घातला आन काडलाबी तूच," तो म्हणाला आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली. तिला हसू आलं.

निकाल जुलैत लागला. प्रात्यक्षिकात तिला चाळीसपैकी एकोणतीस मिळाले. पार्थला चौतीस. आकृती अर्धी राहिल्याचे गुण गेले होते, आणि ते तिला मान्य होतं. पार्थनं पेढे आणले, तिनं दोन खाल्ले.

त्यानंतरच्या सोमवारी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली होती. कॉलेजच्या नव्या मुलांचा तास होता. मॅडम मधेच थांबल्या आणि तिच्याजवळ आल्या. नेटवर्क बंद कसं पडतं, हे आपण फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा तुम्हीच करून दाखवता का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. सुरेखानं आधी नाही म्हटलं. मग उठली.

ती मुलांच्या समोर उभी राहिली, आणि काय बोलावं ते न सुचून सरळ स्विचपाशी गेली. एक केबल घेतली आणि मुलांना दिसू न देता तिची दोन्ही टोकं आत लावली. मिनिटभरात मागच्या रांगेतून आवाज आला, की मॅडम, नेट गेलं. मग दुसरीकडून. मॅडम हाताची घडी घालून खिडकीशी उभ्या राहिल्या.

"मी लावलंय," सुरेखा मुलांना म्हणाली. "काय लावलंय ते तुम्ही शोधा. एका वेळी एकच वायर काढायची. काढायच्या आधी, का काढताय ते सांगायचं."

मुलं कपाटाभोवती जमली. दोघांनी एकदमच हात घातला तेव्हा तिनं त्यांना मागं सारलं. एक बारकीशी मुलगी दिव्यांकडं एकटक बघत होती आणि अजून काही बोलत नव्हती. सुरेखानं घाई केली नाही.